यानाची डावी बाजू

“लाव,” दादा म्हणाला आणि तिनं बटण दाबलं. टक् असा आवाज झाला आणि यानाच्या पोटातला दिवा लागला.

भर दुपारी त्यांनी खोली अंधारी करून टाकली होती. खिडकीवर दोन जाड ब्लँकेटं लटकवलेली, दाराखालच्या फटीत जुना टॉवेल कोंबलेला. टेबलावर यानाचं हातभर लांबीचं प्लास्टिकचं धड होतं आणि त्याच्या सगळ्या खिडक्या काळ्या चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या. आतला दिवा लागल्यावर बाहेर काही म्हणजे काही दिसता कामा नये, हीच परीक्षा. प्लास्टिक पातळ असतं. त्यातून उजेड झिरपला की इतका वेळ पोलादाचं वाटणारं यान एका क्षणात साबणाची डबी होऊन जातं. म्हणून दोन भाग जोडण्याआधी आतून काळ्या रंगाचा हात द्यायचा, वाळला की त्यावर पांढरा. काळा उजेडाला अडवतो, पांढरा त्याला खिडक्यांकडे पिटाळतो. रंगकाम दादाचं, तारा आणि दिवे तिचे, ही वाटणी पहिल्यापासूनची. परीक्षाही दादानंच घ्यायची. ती बटणापाशी बसे, तो टेबलाभोवती फिरत डोळ्यांत तेल घालून पाही आणि निकाल देई, ‘गळतं’ किंवा ‘घट्ट’. सुईच्या टोकाएवढा उजेडही त्याच्या नजरेतून सुटत नसे. त्यानं किती यानांना पुन्हा रंगाच्या डब्यात लोटलं होतं याची गणती नव्हती.

आज तो फिरला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जागच्या जागी उभा राहिला.

“घट्ट,” तो म्हणाला. “झाकली म्हातारी सव्वा लाखाची.”

म्हातारी हे यानाचं नाव. लहानपणी पलंगाखाली झोपून भावाबहिणीनं कल्पनेत उभं केलेलं ते मालवाहू यान होतं, शेकडो वर्षं ताऱ्यांमधून सामान वाहून पोचे पडलेलं, धुरानं काळवंडलेलं, तरी हट्टानं चालणारं. आता दोघांचेही केस पिकायला लागल्यावर ते बाटल्यांची झाकणं, पेनांच्या नळ्या आणि मोडक्या खेळण्यांचे तुकडे यांतून खरंच उभं राहत होतं. हौशी मॉडेलवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

ती हसत उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे दादाच्या बाजूला गेली आणि थबकली. यानाच्या डाव्या कुशीतून उजेड गळत होता. फट नव्हती ती. तळहाताएवढा भाग दिव्यासमोर धरलेल्या कानाच्या पाळीसारखा आरपार लालसर दिसत होता. न दिसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

तिला वाटलं, थट्टा करतोय. आता म्हणेल, काय ग ठिणगे, पकडलंस की नाही? सोल्डरिंग करताना लहानपणी एकदा तिनं फ्रॉक जाळून घेतला होता, तेव्हापासून त्याच्यासाठी ती ठिणगी. पुढे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागली, लग्न झालं, चष्मा लागला, तरी ठिणगीच. ती वाट पाहत राहिली. तो तसाच उभा होता, निवांत, काम नीट झाल्यावर माणूस उभा राहतो तसा.

“घट्ट आहे ना?” त्यानं विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “घट्ट आहे.”

आपण असं का म्हणालो हे तिचं तिलाच कळलं नाही. मोठ्या भावाची चूक दाखवताना जीभ अडखळते, दुसरं काय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

दारावर टकटक झाली. “उडालं का तुमचं यान?” बाहेरून वहिनी म्हणाली. “चहा निवतोय.”

चहा पिताना दादानं पुन्हा इंजिनाचा विषय काढला. कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी बस तो चालवायचा. थंडीच्या सकाळी ती बस चालू होताना जशी दोनदा खोकते, तिसऱ्यांदा दम धरते आणि मग अंगभर थरथरून सुरू होते, तसंच म्हातारीचं इंजिन पेटलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. एकदम लागणारं इंजिन हे इंजिनच नव्हे, तो घराच्या जिन्यावरचा दिवा. त्यानं गळ्यातून बसचा आवाज काढून दाखवला. वहिनी म्हणाली, हे घरात नको, शेजारी दवाखान्यात न्यायला येतील. सगळे हसले. ती पण हसली.

जोडणीसाठी यान ती आपल्या घरी घेऊन आली. वरचा भाग उघडून पाहिला, तर डाव्या कुशीत काळा रंग दिलेलाच नव्हता. पांढरा सरळ प्लास्टिकवर बसला होता. काळ्याची कड सरळ आणि नीटस होती, मधेच हात उचलल्याची नव्हती. रंगवणाऱ्याला आपण काठापर्यंत पोचलो असंच वाटलं होतं. तिनं ती पट्टी खरवडली आणि रंगवायला घेतली.

दोन दिवसांनी संध्याकाळी नवरा कामावरून आला, तेव्हा ती दुसरा हात देत होती. तो त्याच कारखान्यात माल बांधायच्या विभागात होता आणि दादाच्याच बसनं घरी यायचा. त्यानं डबा ओट्यावर ठेवला आणि यानात डोकावला.

“बसचा डावा आरसा पुन्हा गेला,” तो म्हणाला. “गेटच्या खांबाला घासला. दादा म्हणतात, खांबच पुढे सरकलाय.”

“पुन्हा म्हणजे?”

“मागे एकदा गेला होताच की. पण काही म्हण, दादांचं हल्ली माझ्यावर भारी प्रेम बसलंय. सगळ्यात पुढची सीट माझ्यासाठी राखून ठेवतात, त्यांच्या डाव्या हाताला. आणि घर येईस्तोवर तोंड मिटू देत नाहीत. थांब्यावर कोण उभं आहे रे? तो सायकलवाला अजून बाजूनंच येतोय का? मी म्हटलं, दादा, मी मेहुणा आहे की रेडिओ?”

तो आपल्याच विनोदावर हसत हात धुवायला गेला. ब्रश जिथे होता तिथेच राहिला आणि त्याच्याखाली रंगाचा गोळा साचला.

बाबांना म्हातारपणी काचबिंदू झाला होता. तो कळायच्या आधी कितीतरी दिवस ते डाव्या बाजूच्या माणसांना धडकत. घरातले म्हणत, वय झालं, लक्ष नसतं. वाढलेल्या ताटात डावीकडची भाजी तशीच राहायची आणि आई म्हणायची, ह्यांना आताशा भाजी आवडत नाही.

“ऐक ना,” ती नवऱ्याला म्हणाली, “उद्यापासून तू दुसऱ्या गाडीनं येत जा.”

“का?”

“असंच.”

“वा. मग दादांना थांबे कोण सांगणार? तू?”

त्यानं सहज म्हटलं आणि टॉवेल खुंटीला अडकवला. तिला मात्र त्या वाक्यानं जागीच खिळवून ठेवलं. त्याला बसमधून उतरवलं, तर तो वाचेल. पण मग दादाच्या डाव्या अंगाला कोणीच उरणार नाही, आणि मागे बस भरून माणसं. त्याला बसू दिलं, तर निदान बसला एका बाजूचे डोळे राहतील, आणि काही झालंच तर सगळ्यात आधी तोच. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. यातून एकच वाट निघत होती आणि ती दादाच्या दारात जात होती.

ती वाट धरायला तिचे पाय उचलेनात. आधी खात्री करून घेऊ, असं ती म्हणत राहिली. मनात चोर असला की खात्रीसुद्धा लांबणीवर टाकता येते. दिवस लहान होते. बस परतीला लागायची तेव्हा रस्त्यावर दिवे लागलेले असायचे. ती रोज गॅलरीत जाऊन उभी राहायची. बस वळणावर आली की आधी आवाज ओळखू यायचा, मग एकच दिवा नीट लागणारा बसचा तो चेहरा, मग दारातून उतरणारा नवरा आणि सुटणारा श्वास. एक दिवस बसला उशीर झाला. वाटेत कुठे पाइप फुटून पाणी साचलं होतं, एवढंच. पण तेवढ्या वेळात तिनं वहिनीला फोन लावला, पलीकडून “बोल ग” ऐकलं आणि इस्त्रीवाल्याचा नंबर मागून फोन ठेवून दिला. दुकानात तिनं एका गिऱ्हाईकाच्या फोनला लांब स्क्रू पिळून आतली नवी कोरी सर्किटची पट्टी फोडली. मालक म्हणाला, बाई, तुमच्या हातून असं पहिल्यांदाच झालं.

घरी आल्यावर म्हातारीचं काम तेवढं हाताला लागत होतं. खिडक्यांमागे तिनं केसाएवढे पारदर्शक तंतू ओवले, एकेका दिव्यापाशी त्यांची जुडी बांधली. दादाच्या बसचा आवाज फोनवर भरून घेतलेला होता. तो पुन्हा पुन्हा ऐकून इंजिनाच्या दिव्याच्या चिपला तोच ठेका शिकवला, फक्त उजेडाचा, आवाजाविना. खोकला, खोकला, दम, थरथर. आणि ते वाजणारं बटण काढून टाकलं. एवढं सुंदर अंग आणि पोटाला जिन्यातलं बटण, हे तिला कधीचं खुपत होतं. त्याच्या जागी तिनं आतून एक काचेची इवलीशी नळी बसवली. बाहेरून लोहचुंबक टेकवला की आतल्या दोन पात्या चिकटतात आणि दिवे लागतात. आवाज होत नाही, भोक पाडावं लागत नाही. दादाला दाखवायची गंमत म्हणून तिनं ते आधीच ठरवून ठेवलं होतं. आता बसवताना तिला त्यात गंमत वाटेना, तरी तिनं ते बसवलं.

रविवारी पुन्हा ब्लँकेटं लटकली, दाराखाली टॉवेल गेला. दादा खुर्चीत बसला होता. टेबलावर रंगवलेले सुटे भाग वाळत घातले होते, म्हणून तिनं यान स्टुलावर ठेवलं. स्टूल खुर्चीच्या डाव्या बाजूला होतं. उजव्या बाजूलाही ठेवता आलं असतं.

“चल,” दादा म्हणाला. “बघू तुझे दिवे.”

तिनं खिशातून लोहचुंबक काढला आणि यानाच्या पोटाशी टेकवला.

आधी खिडक्या उजळल्या. एकदम नाही, मागून पुढे, एकेका खोलीत कुणीतरी जागं होत जावं तशा. मग पंखांच्या टोकांना एक तांबडा आणि एक हिरवा दिवा उघडझाप करू लागला. मग इंजिन खोकलं, आवाजानं नव्हे, उजेडानं. पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा त्यानं दम धरला आणि लाल उजेड थरथरत स्थिर झाला. आयुष्यात तिनं केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. कुठून म्हणून गळत नव्हतं. इंजिनाचा लाल रंग दादाच्या शर्टाच्या डाव्या बाहीवर पडला होता.

दादा समोरच्या टेबलाकडे पाहत होता. चेहऱ्यावर तेच लहानपणीचं हसू, पेटी उघडण्याआधीचं. मान किंचित तिरकी होती, कान लावलेला. तो बटणाची वाट पाहत होता.

“लाव की ग ठिणगे,” तो म्हणाला. “किती वेळ अंधारात बसवणार?”

इंजिन आपल्या लयीत थरथरत होतं. हळूहळू दादाचं हसू विरत गेलं.

“लागलंय?” त्यानं विचारलं.

“हो.”

“कुठे?”

“डावीकडे. तुझ्या कोपरापाशी.”

त्यानं मान वळवली. मान पुरली नाही म्हणून खांदाही वळवला, तेव्हा कुठे ते लाल तेज त्याच्या डोळ्यांत उतरलं. तो बराच वेळ पाहत राहिला.

“बटण वाजलं नाही,” तो म्हणाला.

“बटण काढलं मी. लोहचुंबक आहे.”

“हुशार आहेस.” त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? विचार काय ते.”

“कधीपासून?”

“मागच्या हिवाळ्यापासून. डॉक्टरांना दाखवलंय. थेंब घालतो. बाबांचंच आहे हे, तूही एकदा दाखवून घे.” मग तो घाईघाईनं बोलू लागला. “सरळ समोरचं अगदी स्वच्छ दिसतं मला. आणि दिवसा तर काहीच अडत नाही. अंधार पडला की डावीकडचं जरा कमी येतं, तेवढं मला माहीत आहे, मी धरून चालतो. आता दिवस मोठे होतील. मग परतीलाही उजेड असतो. तोवर कुणाला बोलू नकोस. तुझ्या वहिनीलाही नको. आणि तुझा नवरा असतोच ना माझ्या बाजूला.”

“आपण तिथे कशासाठी बसलोय, हे त्याला माहीत आहे?”

दादानं शर्टाची बाही सरळ केली.

“मागच्या रविवारी गळत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“म्हातारी. डाव्या कुशीतून. तू घट्ट म्हणालास आणि मी हो म्हटलं.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. आतापर्यंत त्याच्या आवाजात जी अजिजी होती ती गेली.

“म्हणजे तुला कळलं होतं. आणि तरी आठवडाभर तू त्याला माझ्या बसमध्ये बसू दिलंस.”

“त्याला काढलं असतं, तर तुझ्या बाजूला कोण होतं?”

इंजिनाचा एक फेरा संपला, दिवे मंदावले आणि पुन्हा पहिल्यापासून खोकून पेटले. दादानं हात पुढे केला. बोटांनी यानाचं नाक शोधलं, तिथून सांध्यावरून बोट सरकवत तो मागे मागे आला.

“इथे गळत होतं?”

“अजून मागे. हं, तिथे.”

“किती?”

“तळहाताएवढं. काळा रंग लागलाच नव्हता.”

त्याचं बोट तिथेच थांबलं. नवा रंग वाळून गुळगुळीत झाला होता, हाताला काहीच लागण्यासारखं नव्हतं, तरी तो चाचपत राहिला.

“रंगवताना मी खिडकीत बसलो होतो ग,” तो म्हणाला. “चांगलं ऊन होतं. आणि मला शंकासुद्धा आली नाही.” त्यानं बोट उचललं. “मला वाटायचं, दिसत नाही ते दिसत नाही एवढं तरी मला कळतं. त्याच भरवशावर रोज बस काढत होतो. पण इथे तर मला सगळं रंगवून झाल्यासारखंच दिसत होतं.”

तिला रडू आलं. अंधार होता, तरी तिनं तोंड वळवलं.

“उद्याच्या फेरीला बदली माणूस पाठवा म्हणून सांगायला हवं,” तो म्हणाला, दुसऱ्याच कुणाच्या बसबद्दल बोलावं तसं. “मॅनेजर दुपारी झोपतो. चार वाजता करतो फोन. तू थांब तोवर.”

“थांबते.”

“आणि तुझ्या नवऱ्याला सांग, रेडिओ चांगला होता म्हणावं.”

दारावर टकटक झाली.

“उडालं का यान?” वहिनीनं विचारलं. “चहा टाकू?”

तिनं दादाकडे पाहिलं. त्यानं हातानं थांब अशी खूण केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मोठा श्वास घेतला.

“चहा राहू दे,” तो म्हणाला. “तू आत ये.”

तिनं दाराखालचा टॉवेल ओढून घेतला. दार उघडलं, मिटलं, तेवढ्यात उन्हाची एक पट्टी खोलीत येऊन गेली. वहिनी अंधारात चाचपडत पुढे आली आणि दिवे दिसताच सरळ स्टुलापाशी जाऊन उभी राहिली, नवऱ्याच्या डाव्या खांद्याला लागून. म्हातारी नुकतीच पुन्हा पेटत होती.

“अगं बाई,” वहिनी हळूच म्हणाली. “किती छान केलंत. हे इंजिन तर अगदी यांच्या बससारखंच.”

दादा तिच्या आवाजाच्या दिशेनं वळला नाही. समोर पाहतच त्यानं उजवा हात बाजूला पसरला.

“इकडे ये, या बाजूला,” तो म्हणाला. “तिथे उभी राहिलीस की तू मला दिसत नाहीस.”